मधमाशी तीच, लग्न मात्र हरवलं: 'द व्हायकाउंट हू लव्ह्ड मी' आणि 'ब्रिजर्टन'चा दुसरा सीझन

प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्युलिया क्विनची 'द व्हायकाउंट हू लव्ह्ड मी' वाचली, मग नेटफ्लिक्सवर 'ब्रिजर्टन'चा दुसरा सीझन बघितला, तर पुस्तकातली जवळजवळ निम्मी गोष्ट पडद्यावर नाहीच. मधमाशी चावते पण त्यातून लग्न होत नाही, उलट धाकट्या बहिणीला थेट नवरी करून चर्चमधे उभं केलंय. असं का केलं, ते बरोबर केलं का, आणि केटचं घराणं भारतीय केल्यामुळे मूळ गोष्टीला काही झालं का?

मी बरीच वर्षं मराठी मालिकांसाठी पटकथा लिहिते आणि त्यातली काही कामं कादंबऱ्यांवरूनच केलेली आहेत, त्यामुळे मला यात कोण चांगलं कोण वाईट यापेक्षा कुठला धागा ओढल्यावर काय काय उसवलं हे बघायला जास्त आवडतं. दोन्हींचे शेवट सांगणार आहे, ज्यांना आधी स्वतः वाचायचं-बघायचं असेल त्यांनी इथेच थांबा.

आधी पुस्तक. २००० साली आलेली कादंबरी, आठ भावंडांच्या आठ पुस्तकांमधली दुसरी, काळ १८१४ चं लंडन. अँथनी ब्रिजर्टन हा घरातला थोरला. वडील एडमंड वयाच्या ३८ व्या वर्षी मधमाशी चावून गेले तेव्हा तो १८ चा होता. वडील गेले त्या वेळी तो घरात नसतो, बाहेरून येतो आणि बहीण सांगते, आणि मग तो रात्रभर त्या देहाजवळ बसून राहतो. त्या रात्री त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते की या माणसाच्या पुढे आपण कशातच जाणार नाही, म्हणजे वयातही नाही, आपणही ३८ च्या पुढे जगणार नाही. याला काही लॉजिक नाही हे त्याला स्वतःलाही कळतं, पण कळून उपयोग नसतो. म्हणून तो ठरवतो की लग्न करायचं, वारस द्यायचा, पण जिच्यावर प्रेम बसू शकेल अशी मुलगी मुळीच करायची नाही, कारण मग मरणं फार अवघड होईल. सगळी कादंबरी या एका भीतीवर उभी आहे.

समोर केट शेफिल्ड, विशीतली, सॉमरसेटहून सावत्र आई मेरी आणि सावत्र बहीण एडविना यांच्याबरोबर आलेली. पैसे बेताचे, त्यामुळे लंडनमधे स्थळं बघायचा दोघी बहिणींचा मिळून एकच सीझन. एडविना देखणी, आणि तिने सगळ्यांसमोर सांगून ठेवलंय की ताईला पसंत नसलेल्या माणसाशी मी लग्न करणार नाही. म्हणजे एडविनापर्यंत पोचायचं तर आधी केटच्या दारावरून जावं लागणार. सावत्र आई इथे प्रेमळ आहे, बहिणी एकमेकींवर जीव टाकणाऱ्या आहेत, आणि हे लक्षात ठेवा कारण पुढे सगळ्यात मोठी किंमत इथेच मोजली गेलीय.

आता तो मधमाशीचा सीन दोन्हीकडे शेजारी शेजारी ठेवून बघा, कारण सगळा फरक तिथे उघडा पडतो. पुस्तकात ब्रिजर्टनांच्या गावाकडच्या वाड्याच्या, ऑब्री हॉलच्या बागेत दोघं बोलत असतात, मधमाशी केटला गळ्याखाली चावते, ती सांगते की मला आधीही चावलीये, काही होत नाही, पण अँथनीचं भान सुटलेलं असतं. त्याला तिथे केट दिसतच नाही, त्याला वडील दिसतात. तो विष काढायला म्हणून अक्षरशः तोंड लावतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याची आई, केटची आई आणि गावभर करणाऱ्या मिसेस फेदरिंग्टन तिथे येऊन उभ्या राहतात. झालं, अब्रूचा प्रश्न, घाईघाईत लग्न. आणि हे होतं पुस्तकाच्या जरासं मध्यानंतर, शेवटी नाही!

मालिकेत तिसऱ्या एपिसोडमधे तीच बाग, तीच मधमाशी, तोच घाबरलेला अँथनी. पण केट त्याचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवते, मी ठीक आहे हे त्याला शब्दांनी नाही तर श्वासाने सांगते, दोघांचे श्वास एका लयीत येतात, आणि मग दोघं दचकून बाजूला होतात. कोणी बघत नाही, बोभाटा होत नाही, लग्न तर दूरच. जोनाथन बेलीने तिथे जे केलंय ते मला आजही अंगावर काटा आणतं, त्याचा चेहरा एका क्षणात १८ वर्षांच्या पोराचा होतो. सीन म्हणून मला विचाराल तर मालिकेचा सीन पुस्तकापेक्षा सरस आहे, हे मी अगदी मनापासून सांगते. पुस्तकात तो विनोदाकडे थोडा झुकतो आणि अँथनीचा धसमुसळेपणा आज वाचताना खटकतो. मालिकेत तोच प्रसंग दोन माणसांची जवळीक झालाय. पण कथानक म्हणून त्या सीनने पुस्तकात जे काम केलं ते काम मालिकेत कोणीच करत नाही, आणि तिथून पुढे पाच एपिसोड उरलेले असतात.

मग लग्न का काढलं? माझा अंदाज आहे की पहिलं कारण अगदी साधं, लेखकांच्या टेबलावरचं आहे. पहिल्या सीझनमधे अँथनीची बहीण डॅफ्नी आणि ड्यूक सायमन बागेत सापडतात, अब्रूचा प्रश्न येतो, आणि पाचव्या एपिसोडला लग्न होतं. आता दुसऱ्या पुस्तकातही बाग, सापडणं, अब्रू, घाईत लग्न. पुस्तकं वाचताना हे चालून जातं, या प्रकारच्या रोमान्समधे तो ठरलेला खेळच आहे आणि वाचक त्यासाठीच येतो. पण पहिला सीझन नाताळ २०२० चा आणि दुसरा मार्च २०२२ चा, प्रेक्षकांच्या डोक्यात ते लग्न ताजं होतं. तोच ट्रॅक परत आणला असता तर पहिल्या तीन एपिसोडांतच लोकांनी पुढचं ओळखलं असतं. आम्ही सुद्धा वनलाइन, म्हणजे गोष्टीचा थोडक्यातला आराखडा लिहिताना पहिला प्रश्न हाच विचारतो की हे आपण आधी वापरलंय का.

दुसरं कारण वेळेचं. आठ एपिसोड, प्रत्येक साधारण तासाभराचा, आणि त्यात फक्त हे दोघं नाहीत. फेदरिंग्टनांकडे नवा वारस येऊन खोट्या माणकांचा धंदा मांडतो, अँथनीची बहीण एलोइज छापखान्यातल्या पोराशी बोलायला जाते, भाऊ बेनेडिक्टची चित्रकला, फेदरिंग्टनांच्या पेनेलोपीचं गुपित, आणि वर राणी शार्लट जी पुस्तकांमधे पात्र म्हणून नाहीच. पुस्तक दोन डोक्यांमधे राहतं, एकदा त्याच्या एकदा तिच्या. मालिका सात-आठ घरांत फिरते. अशा रचनेत नायक-नायिकेमधे शेवटच्या एपिसोडपर्यंत ताण लागतोच, नाहीतर एपिसोडच्या शेवटाला लोकांना धरून ठेवायला काहीच उरत नाही. लग्न मधेच लावलं तर ताण आतला होतो, मनातला होतो, आणि मनातला ताण दाखवायला कॅमेऱ्याला फार कष्ट पडतात.

यात अँथनीच्या अटींची गोष्ट बघण्यासारखी आहे. पुस्तकात तो स्वतःशी ठरवतो: मुलगी दिसायला बरी असावी, मठ्ठ नसावी, आणि तिच्यावर प्रेम बसण्याची शक्यता नसावी. हे त्याच्या डोक्यात चालतं आणि आपण वाचतो. पडद्यावर डोक्यातलं कसं दाखवणार? त्यांनी काय केलं, पहिल्याच बॉलमधे, म्हणजे नाचाच्या समारंभात, तो मित्रांच्या घोळक्यात या अटी मोठ्याने बोलून दाखवतो आणि केट ते मागून ऐकते. एका फटक्यात विचाराचा संवाद झाला, संवादाचं भांडण झालं, आणि केटला त्याच्यावर राग धरायला स्वतःच्या कानांनी ऐकलेलं कारण मिळालं, पुस्तकात ती बरीचशी छापील कुचाळक्यांवर विसंबून असते. हे फार उत्तम काम आहे, शिकणाऱ्या पोरापोरींना मी हा सीन बघायला सांगते. फक्त या बदलात तिसरी अट, म्हणजे प्रेम नको, ही मागे पडली आणि नितंब रुंद हवेत वगैरे छापाची उद्धट यादी पुढे आली. पुस्तकातला अँथनी घाबरलेला माणूस आहे. मालिकेतला बराच वेळ नुसता गर्विष्ठ वाटतो.

आणि ते ३८ मालिकेने सोडूनच दिलंय. त्याऐवजी त्यांनी वडिलांचा मृत्यू समोर दाखवला. अँथनीच्या डोळ्यांदेखत, हातात, आई शेजारी, आईच्या पोटात धाकटी हायसिंथ. आणि पुढे बाळंतपणात अडचण आल्यावर डॉक्टर त्या १८ वर्षांच्या मुलाला विचारतो की आईला वाचवायचं की मुलाला, कारण आता घरचा कर्ता तू. हे पुस्तकात नाही आणि मला वाटतं सगळ्या सीझनमधलं हे सर्वात चांगलं नवं लेखन आहे. रूथ गेमेलने अँथनीच्या आईचा, व्हायोलेटचा तो संताप आणि नंतरचं ते कोसळणं ज्या पद्धतीने केलंय त्यातून अँथनी प्रेमाला का घाबरतो हे एका वेगळ्याच वाटेने कळतं: त्याला स्वतःच्या मरणाची भीती नाही, मागे राहणाऱ्याचं काय होतं ते त्याने बघितलंय. भीतीची जागा बदलली. मरणाऱ्याकडून उरणाऱ्याकडे गेली. मला हा बदल मान्य आहे, पटतोही, पण त्याने एक नुकसान केलं की पुस्तकातल्या भीतीला तारीख होती, ३८. तारीख असली की लग्नानंतरच्या प्रत्येक सुखाच्या दिवसावर तिची सावली पडते आणि गोष्टीला लग्नानंतरही पुढे जायला कारण मिळतं. मालिकेकडे लग्नानंतरचा भागच नाही म्हटल्यावर ती तारीख तिला लागलीच नाही.

केटची बाजूही तशीच पातळ झाली. पुस्तकात तिला वादळाची भीती आहे, विजा कडाडल्या की ती थरथर कापते आणि का ते तिला आठवत नाही. ऑब्री हॉलच्या लायब्ररीत अँथनी तिला टेबलाखाली अंग चोरून बसलेली बघतो आणि काही न विचारता तिच्याजवळ खाली बसतो. लग्नानंतर पुन्हा वादळ येतं आणि तेव्हा ते उलगडतं, ती तीन वर्षांची असताना तिची आई गेली ती रात्र. म्हणजे दोन माणसं, दोघांच्या लहानपणी एकेक मृत्यू, एकाला सगळं आठवतं आणि एकीला काहीच नाही, आणि दोघं एकमेकांना त्यातून बाहेर काढतात. ही जोडणी इतकी सुरेख आहे की मालिकेत ती नाहीच म्हणावी इतकी पुसट झालेली बघून मला खरंच वाईट वाटलं. लायब्ररी आहे, रात्र आहे, मेणबत्त्या आहेत, दोघांमधली ओढ आहे, पण टेबलाखालची ती मुलगी नाही.

आता एडविना. लग्न काढलं की अडथळा लागतो, आणि अडथळा म्हणून हाताशी होती ती बहीण. पुस्तकात एडविनाला अँथनीबद्दल कधीच काही वाटत नाही, तिला अभ्यासू मिस्टर बॅगवेल आवडतात, ताईचं लग्न ठरल्यावर ती मनापासून खूश होते, कुठे ओरखडा नाही. मालिकेत तिला अँथनी आवडतो, साखरपुडा होतो, राणीच्या कृपेने थाटात लग्न ठरतं, आणि सहाव्या एपिसोडमधे भर वेदीपुढे केटच्या हातातली बांगडी खाली पडते, नवरदेव वाकून ती उचलतो आणि एडविना ते दोघं एकमेकांकडे कसे बघतात हे बघते. बस्स, एवढंच. एक शब्द नाही. त्या बांगडीसाठी मी त्या लेखकांना शंभर गुण देईन, कारण आधी ती बांगडी आईची आठवण म्हणून पेरलेली आहे आणि इथे ती बरोबर उगवते. चरित्रा चंद्रनने त्या पळून जाण्यात आणि नंतर मी नक्की कोण आहे हेच मला माहीत नाही या अर्थाच्या बोलण्यात एडविनाला पहिल्यांदा पूर्ण बाई केलंय, पुस्तकातली एडविना तिच्यापुढे नुसती गोड मुलगी आहे.

पण त्यासाठी काय द्यावं लागलं बघा. केट, जी बहिणीसाठी सगळं आयुष्य बाजूला ठेवून बसलीये, तिला बहिणीच्या नवऱ्यामुलाबद्दल मनात प्रेम ठेवून दिवसच्या दिवस गप्प राहावं लागलं. अँथनीला, जो शब्दाचा पक्का, एका मुलीला फसवत वेदीपर्यंत न्यावं लागलं. हे दोघं इतके समजूतदार असताना सहाव्या एपिसोडपर्यंत कोणी तोंड का उघडत नाही या प्रश्नाला मालिकेकडे धड उत्तर नाही. म्हणून मग पैशाची अट आणली, मेरीचे आईवडील म्हणजे शेफिल्ड कुटुंब (पुस्तकातलं आडनाव इथे असं वापरलंय) एडविनाने इंग्रज सरदाराशी लग्न केलं तरच पैसे देणार आणि हे घरात फक्त केटला माहीत. हे ठिगळ आहे. गोष्ट दोन एपिसोड लांबवायची असली की असं गुपित आणावं लागतं, मराठी मालिका बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि आता मला जे खरं म्हणायचंय ते. शेफिल्डांची शर्मा झाली, सॉमरसेटची मुंबई झाली, केटचं वय २६ झालं, सिमोन अॅशली आली, आणि आपण सगळे आनंदलो, मीही आनंदले, कारण एवढ्या मोठ्या इंग्रजी रोमान्समधे सावळी, ठाम, घोड्यावर मांड टाकून बसणारी नायिका आणि तिच्यासाठी वेडा झालेला उमराव हे बघायला आपल्या पोरींना आजवर मिळालं नव्हतं. त्याची किंमत मी कमी लेखणार नाही. पण गंमत अशी की पुस्तकातली जी गोष्ट सर्वात जास्त आपली होती, तीच त्यांनी काढून टाकली. आधी लग्न, मग ओळख, मग प्रेम, ही आपल्या कादंबऱ्यांची, आपल्या दैनंदिन मालिकांची, आणि खरं सांगायचं तर आपल्या निम्म्या आजी-आजोबांच्या संसाराची गोष्ट आहे. परिस्थितीने एकत्र आणलेली दोन माणसं, एकाने आधीच सांगून टाकलेलं की माझ्याकडून प्रेमाची अपेक्षा ठेवू नकोस, आणि मग एकाच घरात राहताना, जेवताना, भांडताना हळूहळू बदलत जाणं. गोऱ्या इंग्रज मुलीला घेऊन क्विनने हे लिहिलं, आणि मुंबईची मुलगी आणल्यावर मालिकेने नेमकं तेच टाकून दोन बहिणी आणि एक पुरुष हा त्रिकोण घेतला. मुंबईहून आलेली केट त्या घाईच्या लग्नाकडे कशी बघेल? तिला त्यात अपमान वाटेल, की लग्न असंच होतं, पुढचं पुढे, हे तिला इंग्रज मुलीपेक्षा जास्त ठाऊक असेल? अँथनीला वाटेल की आपण एका मुलीचं आयुष्य बिघडवलं, आणि तिला वाटेल की संसार तर अजून सुरूच व्हायचाय. एवढा चांगला संघर्ष आयता समोर असताना तो कोणी उचलला नाही याची मला फार हळहळ वाटते.

हळदीचा सीन घ्या. सहाव्या एपिसोडच्या सुरुवातीला मेरी आणि केट एडविनाला हळद लावतात, मागे 'कभी खुशी कभी गम'ची धून व्हायोलिनांवर, आणि केट ज्याच्यावर प्रेम करते त्याच्याच नावाची हळद बहिणीच्या हातांना चोळतेय. भावना पोचते, डोळे भरून येतात, माझेही आले. पण आपल्याकडे हळद लावली असती तर आधी नवऱ्यामुलाला लागलेली उष्टी हळद वाटीतून नवरीकडे आली असती. म्हणजे अँथनीच्या अंगाला लागलेली हळद केटच्या बोटांना लागली असती! जिला त्याला स्पर्शही करायचा नाही असं ठरवलंय तिच्या बोटांना. हा सीन लिहायला कुणी मराठी, किंवा उष्टी हळद माहीत असलेलं कुणीही खोलीत असतं तर केवढं मिळालं असतं. एडविनाला मराठी आणि हिंदुस्तानी येतं असं सुरुवातीलाच सांगितलेलं आहे, म्हणजे घर कुठलं ते त्यांनी ठरवलं होतं, पण ठरवल्यावर त्या घरात कोणी राहून बघितलं नाही. हाक मारताना दीदी, लाडाने बंगाली बोन, वडिलांना अप्पा. अप्पा आपल्याकडेही चालतं, पण तिन्ही एका घरात नाही.

इतिहासाचं म्हणाल तर ही मालिका इतिहास सांगायला बसलेलीच नाही, राणीच्या लग्नामुळे इंग्लंडमधे रंगभेद मिटला हे कल्पित तिने पहिल्या सीझनमधेच उघडपणे मांडलंय आणि मी ते मान्य करूनच बघते. तरीही १८१४ म्हटल्यावर मराठी माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. वसईचा तह होऊन बारा वर्षं होत आलेली, पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर आणि १८११ पासून एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून बसलेला, खडकीची लढाई अजून तीन वर्षांवर. मुंबईत कंपनीच्या कचेऱ्यांमधे पाठारे प्रभू वगैरे मंडळी लिहिण्याच्या नोकऱ्या करत होतीच. केटचे वडील लिखापढी करणारे कारकून होते आणि एका अर्लच्या मुलीने त्यांच्यासाठी समाज सोडला, एवढं मालिकेत आहे. पण असा माणूस अशा काळात घरी काय बोलत असेल, कंपनीबद्दल, पुण्याबद्दल, आणि त्याची मुलगी लंडनला येताना यातलं काय घेऊन आली असेल? सुएझचा कालवा १८६९ चा, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने जहाज. त्या प्रवासाचा एक संवाद तरी! त्याऐवजी केट इंग्रजी चहाला नाकं मुरडून त्यात मसाले टाकते. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला १८३९ साली आणि दुधाचा मसाला चहा आपल्या घराघरात पोचला तो विसाव्या शतकात, त्यामुळे १८१४ च्या मुंबईच्या मुलीला चहाचा एवढा अभिमान असायचं काही कारण नव्हतं. ही चूक दाखवून मला मालिका पाडायची नाही. मला एवढंच म्हणायचंय की भारतीयपणा वस्तूंमधून आला, बांगडी, हळद, चहा, तेल, आणि माणसाच्या निर्णयांमधून आला असता तर केट आणखी कितीतरी मोठी झाली असती.

पॉल मॉलच्या, म्हणजे दांडक्याने चेंडू मारायच्या खेळाबद्दल फार लिहीत नाही, दोन्हीकडे धमाल आहे, केट काळं दांडकं पटकावते आणि अँथनीच्या वाट्याला गुलाबी येतं ते दोन्हीकडे तसंच. मालिकेत ते चिखलात पडून हसतात आणि तिथेच वडिलांची कबर आहे, हे छान सुचलंय. कुत्रा न्यूटन पण आहे, पुस्तकात त्याच्यामुळे एडविना सर्पंटाइन तलावात पडते, मालिकेत अँथनी पडतो आणि ओला शर्ट, त्याचं कारण सगळ्यांना कळतं.

शेवटाकडे येते. पुस्तकात हाइड पार्कमधे घोडागाडी उलटते, केट खाली अडकते, अँथनी सरपटत तिच्यापर्यंत जातो आणि तिथे बायकोला पहिल्यांदा सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. बायकोला! हा शब्द महत्त्वाचा, कारण मिळवायचं काहीच उरलेलं नाही, ती त्याचीच आहे, फक्त त्याने कबूल करायचं राहिलंय. मालिकेत केट पावसात घोड्यावरून पडते, कित्येक दिवस बेशुद्ध असते, मग बॉल, नाच, बाग, कबुली, आणि अँथनी सांगतो की त्या सकाळी आपण पार्कमधे शर्यत लावली तेव्हापासून. ती शर्यत पहिल्या एपिसोडची, पुस्तकात नसलेली, दोघांना एकमेकांची नावंही माहीत नसताना घोडी पळवलेली. सुरुवातीची घोडी शेवटी अपघात म्हणून परत येते आणि कबुलीत पुन्हा एकदा. बांधणी म्हणून हे पुस्तकापेक्षा घट्ट आहे, पुस्तकातला गाडीचा अपघात मला नेहमीच जरा आकाशातून पडल्यासारखा वाटत आलाय.

पण त्यानंतर मालिका थेट सहा महिने पुढे जाते आणि दोघं लग्न होऊन परत आलेली दिसतात. ज्यांच्यासाठी आठ तास बसलो त्यांचं लग्नच दाखवलं नाही. एडविनाचं मोडलेलं लग्न फुलं-मेणबत्त्यांसकट साग्रसंगीत, आणि केटचं शून्य. वेळ नव्हता हे मला कळतं, तरी एखादा मिनिट काढायला हवा होता, निदान व्हायोलेटने केटला घरात घेताना.

तुम्ही विचारलंय की बरोबर केलं का. मला वाटतं लग्न मधे न लावण्याचा निर्णय मालिकेच्या दृष्टीने समजण्यासारखा होता, पण त्याच्या जागी बहिणीचं मन मोडणं आणलं हे चुकलं. अडथळा म्हणून दुसरं काहीही चाललं असतं, केटचा परत मुंबईला जायचा बेत तर त्यांच्या हातात होताच, आणि तो खरा होता, तिला तिथे जाऊन स्वतःच्या पायावर राहायचं होतं. ते जहाज आणि ती तारीख पुढे आणली असती तर ताण तेवढाच राहिला असता आणि बहिणी बहिणीच राहिल्या असत्या.

कोणाला आधी काय सुचवू असं विचाराल तर मालिका आधी बघा, मग पुस्तक वाचा. उलट केलंत तर प्रत्येक एपिसोडला हे नाही ते नाही असं होत राहतं. मालिका संपल्यावर पुस्तक उघडलंत तर चेहरे बेली-अॅशलीचेच दिसतात आणि पडद्यावर न दिसलेला संसार तुम्हाला पुस्तकात मिळतो. २०२४ च्या तिसऱ्या सीझनमधे त्यांचा संसार तुकड्या-तुकड्यांनी दिसतो, बाळाच्या जन्मासाठी भारतात जायचं ठरवतात तेही आहे, आणि ज्यांना पुस्तकातलं लग्नानंतरचं प्रेम हवं होतं त्यांना त्या तुकड्यांनी जरा बरं वाटलं असेल.

पुस्तकाच्या एपिलॉगमधे अँथनी ३९ चा झालेला असतो. ३८ पार. वडिलांना जे वय मिळालं नाही ते त्याला मिळालं, केट आहे, मुलं आहेत. हे पडद्यावर अजून आलेलं नाही, पण त्याची पाळंमुळं तिसऱ्या एपिसोडमधल्या त्या मृत्यूत आहेतच. पुढच्या एखाद्या सीझनमधे, दुसऱ्या कुणाच्या लग्नाच्या गडबडीत का होईना, त्याचा हा वाढदिवस घेतला तर दुसऱ्या सीझनमधे राहिलेलं बरंच काही भरून निघेल.